डावीकडचं मागचं दार

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काही मिळणार नाही, आणि खरं सांगून तर उलट नुकसानच आहे. "याच्या दुकानात काहीतरी आहे" अशी एकदा बोंब झाली की गिऱ्हाईक त्या गल्लीतसुद्धा फिरकत नाही.

या भुताखेतांच्या गोष्टींच्या पानावर मी रोज वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. इथल्या सगळ्या गोष्टी रात्री दोन वाजता घडतात. लाइट गेलेले असतात, कुत्री रडत असतात.

माझ्या वेळी रात्र नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचा गुरुवार. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा. आणि माझ्या खोलीत बावीस ट्यूब लख्ख पेटलेल्या होत्या.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी गाड्यांच्या रंगाचं काम करतो. म्हणजे रंग देत नाही. रंगावरचे बारीक ओरखडे मशीनने घासून काढतो, आरसा करतो, आणि वर एक कोटिंग चढवतो, की ती चमक टिकावी. लोकांना वाटतं गाडी धुतो. सख्ख्या मेव्हण्यालाही अजून तेच वाटतं. असो.

पुढे काउंटर आणि फोन बायको बघते. मागे बंद खोली, तिथे मी. खिडकी नाही, धूळ नाही, चारी बाजूंनी ट्यूब. तिसरं माणूस आमच्याकडे नाही.

त्या दिवशी जो आला त्याला मी गाडीवालाच म्हणतो. वय पस्तीसच्या आसपास. गाडी काळी, कोरी करकरीत, घेऊन जेमतेम आठवडा झालेला. पण त्याचा अवतार बघून वाटलं, हा गाडीतच झोपतो की काय. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली.

"दादा, डावीकडचं मागचं दार बघा," तो म्हणाला.

मी बघितलं आणि हसलो. खरंच हसलो, खोटं कशाला बोलू?

हँडलपासून खाली अख्ख्या दारावर गोल गोल ओरखडे. भांडी घासायची हिरवी खरखरीत घासणी असते ना, तिचे. तारेची असती तर दार सरळ रंगवायलाच पाठवावं लागलं असतं. हिरवी होती म्हणून वाचलं.

"कोणत्या दीडशहाण्याने केलं हे?" मी विचारलं.

"आईने," तो म्हणाला.

माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

मग त्याने सांगितलं. घरी दोघंच, तो आणि आई. वडील लवकर गेले. आईने दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून याला शिकवलं, मोठं केलं. ही त्यांच्या घरातली पहिली गाडी. सोमवारी पहाटे आईला दारावर पक्ष्याची वाळलेली घाण दिसली. बिचारी बादली, भांड्यांची पावडर आणि घासणी घेऊन बसली. घाण गेली, पण तेवढाच डाग पांढुरका दिसायला लागला. म्हणून मग सगळं सारखं करायला तिने अख्खं दार घासलं.

हा उठून बाहेर आला आणि बघितलं. मग याच्या तोंडाला काही धरबंध राहिला नाही.

"मी तिला काय म्हणालो माहितीये दादा?" त्याने विचारलं. "म्हणालो, जन्मभर भांडीच घासलीस, गाडीलाही भांडंच समजलीस का?"

मी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं.

"ती म्हणाली, जाईल रे ते, मी पुसून टाकते. मी म्हणालो, हात लावू नकोस, लांब हो गाडीपासून. आणि आंघोळीला गेलो."

आंघोळ करून आला तेव्हा बादली तिथेच होती. घासणी धुऊन, पिळून बादलीच्या काठावर वाळत ठेवलेली. आईच्या चपला दारात.

आई नव्हती.

तीन दिवस झाले होते. पोलीस झाले, नातेवाईक झाले, फोटो छापून भिंतींवर लावून झाले. काहीच पत्ता नाही.

मी म्हणालो, "अहो, मग आत्ता गाडीचं कसलं घेऊन बसलात?"

"ती आली की आधी ते दार बघेल दादा. मी ओळखतो तिला." त्याने माझा हात धरला. "दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलमधून फोन आलाय. एक बाई आहेत, स्वतःचं नाव सांगता येत नाहीये. मित्राच्या गाडीने निघालोय मी. ती आईच असणार. परत येताना तिला सरळ इथे आणतो. तिला दाखवायचंय की बघ, काही झालंच नव्हतं. सहापर्यंत करा. एक ओरखडा राहता कामा नये. करता ना?"

त्याचे डोळे बघून मला नाही म्हणवेना. म्हणालो, "आरसा करून देतो. तुम्ही घेऊन या आईंना."

कामाला लागलो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर माझी नंतरची तगमग कळणार नाही. गाडीवरचा सगळा रंग मिळून जाडी किती, तर दीड-पावणेदोन केसांएवढी. आम्ही ती यंत्राने मोजतो, मायक्रॉनमध्ये. त्या दारावर एकशेवीस भरली. ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा रंग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. दर वेळी चार-पाच मायक्रॉन जातात, आणि गेले की परत येत नाहीत. एकशेपाचच्या खाली मी उतरत नाही. खाली गेलं की वरचा पारदर्शक थर फाटतो आणि दार कायमचं बाद.

म्हणजे माझ्या हातात होते पंधरा मायक्रॉन.

साडेबारापर्यंत दार झालं. जीव ओतून केलं. स्पिरिटने पुसलं, दिवा तिरका मारून बघितलं. एक रेघ नाही. जाडी एकशेपंधरा. मी खूश होऊन पुढे बॉनेटकडे गेलो आणि मशीनचं पॅड बदलायला घेतलं.

खोलीत शांतता होती.

आणि…

खस्स… खस्स… खस्स…

मी मान वर केली. आवाज थांबला. पंख्यात काही अडकलं असेल म्हणून परत पॅडकडे वळलो.

खस्स… खस्स…

तेवढ्यात बायकोने खोलीचं दार किलकिलं करून डोकं आत घातलं.

"आत भांडी कोण घासतंय हो?"

मी म्हणालो, "तुझा भाऊ आलाय, त्याला बसवलंय."

ती हसली नाही. नाक वर करून वास घेत म्हणाली, "भांड्यांच्या पावडरीचा वास येतोय. आपल्याकडे कुठे आहे ती?"

नव्हती. आम्ही जेवणाचा डबा घरी नेऊन धुतो.

मी गाडीच्या मागच्या दाराकडे गेलो.

अख्खं दार गोल गोल ओरखड्यांनी भरलेलं होतं.

मी तरीही घाबरलो नाही, बरं का. मला राग आला, स्वतःचाच. कारण असं होतं कधीकधी. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत बसतं, ओरखडे गेल्यासारखे वाटतात, तेल उडालं की परत दिसतात. नवख्यांना होतं. मला पंधरा वर्षांत झालं नव्हतं, पण म्हटलं, गड्या, म्हातारा झालास.

फक्त एक गोष्ट डोक्यात बसेना.

दाराखालची फरशी ओली होती. आणि पाण्यावर थोडासा फेस होता.

बायको म्हणाली, "अहो, हे बरं दिसत नाही."

"तू फोन सांभाळ," मी खेकसलो. माझा स्वभावच तसा. भीती वाटली की मी आधी खेकसतो.

पुन्हा मशीन लावलं. दीड वाजता दार परत आरसा. स्पिरिटने एकदा नाही, तीनदा पुसलं. तेलाचा प्रश्नच नको. जाडी एकशेअकरा.

या वेळी मी हललोच नाही. स्टूल ओढून दारासमोर बसलो.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मला हसू यायला लागलं. एवढा मोठा घोडा आणि भुताला घाबरतोय!

पाणी प्यायला मान वळवली. बाटली तोंडाला लावली…

खस्स… खस्स…

पाठीमागे. हातभर अंतरावर.

आणि या वेळी आणखी काहीतरी ऐकू आलं. चार-पाच वेळा घासल्यावर आवाज थांबायचा. मग दम लागल्यासारखा एक श्वास. वयस्कर माणसाचा, जड. मग पुन्हा खस्स… खस्स…

बाटली माझ्या हातातून पडली. मी वळलो.

कोणी नव्हतं. पण हँडलखाली एक गोल ओरखडा होता. मी बघत असताना त्याच्या शेजारी दुसरा उमटला.

मग तिसरा.

का कोण जाणे, मी हात पुढे केला आणि दारावर तळवा ठेवला. दार थरथरत होतं. कोणीतरी खूप जोर लावून घासत असावं तसं. माझ्या तळव्याजवळ आलं तेव्हा ते थबकलं… आणि बाजूने वळसा घालून पुढे गेलं.

सांभाळून. माझ्या हाताला लागू नये म्हणून.

तेव्हा मला कळलं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

ती दार खराब करत नव्हती. ती ते पुसत होती. "जाईल रे ते, मी पुसून टाकते" म्हणाली होती ना? तेच करत होती. ओरखडे जावेत म्हणून घासत होती, त्या घासण्यानेच नवे पडत होते, आणि ते बघून ती आणखी घासत होती.

आणि तिकडे तिचा मुलगा हॉस्पिटलच्या वाटेवर होता, आई सापडेल म्हणून.

ही इथे अशी आहे, याचा अर्थ काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर मी जे केलं त्याला काम म्हणत नाहीत. मी वेड्यासारखा मशीन चालवत सुटलो. एकच डोक्यात होतं. दार स्वच्छ आहे तोपर्यंत त्याच्यासाठी ती बाई जिवंत आहे. मुलाने येऊन हे ओरखडे बघायचे नाहीत, बस्स. मी इकडून पुसायचो, ती तिकडून घासायची. मी पुढच्या कडेला, ती मागच्या कडेला. मशीनच्या आवाजातसुद्धा मला ते खस्स खस्स ऐकू येत होतं. घामाने डोळे चुरचुरत होते, हात भरून आले होते, आणि मी तोंडाने "नको, नको, नको" म्हणतोय हे मला बायकोने दंडाला धरून हलवलं तेव्हा कळलं.

"थांबा! अहो थांबा! किती राहिलंय ते बघा!"

यंत्र लावलं. एकशेसात.

दोन मायक्रॉन.

आणि तेव्हाच माझा मोबाइल वाजला. तीन वाजून दहा मिनिटं. गाडीवाला.

मी स्पीकरवर घेतला. मग तो म्हणाला, "दादा, ती नव्हती."

मी फोन घेऊन दारापासून एक पाऊल मागे सरकलो.

"दुसऱ्याच कोणीतरी बाई होत्या. मी त्यांनाच आई म्हणून हाक मारली, दादा. त्यांनी माझ्याकडे बघितलं पण." तो रडायला लागला. मोठा माणूस असा रडताना ऐकवत नाही. "मला फक्त एकदा तिला सांगायचंय हो, मी रागावलेलो नाहीये. एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे."

खस्स… खस्स…

माझ्यासमोर. दारावर. फोनपासून दोन हातांवर.

बायकोने ते ऐकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण माझ्यासारखी ती गडबडली नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फोन दारापाशी धरा. बोलू दे त्याला."

मी मान हलवली. नाही.

"अहो, धरा! तिला ऐकू दे!"

नाही धरला.

का नाही धरला? दोन वर्षं स्वतःला विचारतोय. त्याची आशा माझ्या हाताने मोडायची नव्हती, हे खरं. दुकानाचं नाव खराब होईल, हेही मनात आलं, खोटं नाही बोलणार. आणि सगळ्यात खरं म्हणजे, फाटली होती माझी. त्याने हाक मारली आणि दारातून ओ आली, तर? तर मी काय करणार होतो?

"धीर सोडू नका," असं काहीतरी फुसकं बोललो आणि फोन ठेवला.



खस्स… खस्स… दम… खस्स…

आवाज आता मंद होत चालला होता. थकल्यासारखा. पण थांबत नव्हता. हँडलखालचा तो कोपरा पुन्हा पांढुरका व्हायला लागला. आता मशीन लावलं तर थर फाटणार, नाही लावलं तर मुलगा बघणार. मला रडू फुटलं. मी त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकले, दाराला कपाळ लावलं आणि म्हणालो,

"मावशी, पुरे. तो रागावलेला नाही. खरंच नाही. सगळं गेलंय, दार स्वच्छ झालंय. जा तुम्ही आता."

आवाज थांबला.

मी वाट बघत राहिलो. ट्यूबचा बारीक गुणगुण आवाज, बाकी काही नाही.

मग कपाळाला लावलेलं दार हळूहळू गार पडलं. पावडरीचा वास गेला. फरशी बघितली, तर कोरडी. माझी पँट मात्र गुडघ्यांवर ओली होती.

शेवटचे दोन मायक्रॉन खर्चून मी तो कोपरा हलक्या हाताने काढला. एकशेपाच. तासभर वाट बघितली. काही नाही. मग कोटिंग चढवलं. कान दाराकडेच होते, त्यामुळे कोटिंग वाळायच्या आत पुसायला दोनदा उशीर होता होता राहिला.

सहा वाजता तो आला. एकटाच. दारासमोर उभा राहिला, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला असावा.

"काहीच राहिलं नाही, दादा," तो म्हणाला. "आता ती आली की दाखवतो."

मी म्हणालो, "आठवडाभर पाणी लावू नका."

एवढंच बोललो. गाडी गेली.

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाली, "ती त्याच्या तोंडून ऐकायला थांबली होती. ते त्याचं बोलणं होतं. तुम्ही कशाला बोललात?"

मी ताटावरून उठलो.

कारण मी बोललो आणि ती गेली. तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आणि त्याला जे एकदाच सांगायचं होतं, ते सांगायची जागा मीच घासून पुसून टाकली. वर कोटिंगही चढवलं.

त्याची आई सापडलेली नाही. जिवंत नाही आणि तशीही नाही. कुठे गेली, काय झालं, कोणालाच माहीत नाही. मला जे माहीत आहे ते मी पोलिसांना काय म्हणून सांगू?

त्या खोलीत नंतर कधी काही झालं नाही. मी रोज तिथेच काम करतो. पण मशीन बंद केलं की कान आपोआप टवकारतात. बायको म्हणते, तुम्ही घाबरून ऐकता. तसं नाही. मी वाट बघतो. एकदा आवाज आला तर या वेळी फोन लावीन म्हणतो. येत नाही.

गाडीवाला दर तीन महिन्यांनी कोटिंग तपासून घ्यायला येतो. दाढी आता पांढरी व्हायला लागलीये. मागच्या डाव्या सीटवर तो कोणालाही बसू देत नाही. मी दार धुतो, पुसतो, दिवा मारून दाखवतो. तो वाकून नीट बघतो, आणि निघताना, चावी हातात घेऊन, दर वेळी तेच विचारतो.

"येईल ना हो ती, दादा?"

काउंटरमागे बायको मान खाली घालून बसलेली असते.

मी म्हणतो, येईल.

आत्तापर्यंत आठ वेळा म्हणालोय.